बघून घेतलेलं

शांताराम गोताडनं आमच्या केंद्राचं दार पहिल्या दिवशी लाथेनं उघडलं. त्याचा इलाज नव्हता. दोन्ही हातांत त्याची मुलगी होती आणि ती त्याच्या खांद्याला चावत होती. दात चांगलेच रुतलेले होते. शर्टावर रक्त फुटत होतं, आणि हा माणूस एसटीची चौकशी करावी तशा आवाजात मला विचारत होता, "बोलायला शिकवतात ते तुमीच काय?"

"मीच."

"मग हिला शिकवा."

मी म्हटलं, आधी तिला ओढू नका. खांदा मागं घेऊ नका, उलट तिच्या तोंडाकडं दाबा. त्यानं विचारलं नाही का म्हणून. दाबला. दातांची पकड सुटली, मुलगी खाली उतरली आणि कोपऱ्यात जाऊन पंख्याकडं बघत बसली. शांतारामनं खांद्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "दात चांगले हायत तिचे. तेवढं तरी हाय."

मी वाचा-उपचार करते. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत, तिथं न बोलणारी, उशिरा बोलणारी, अडखळणारी मुलं येतात. त्यांच्याबरोबर येणारे बाप सहसा गप्प असतात. दाराशी उभे राहून मोबाइल बघतात, बोलणं आयांवर सोडून देतात. शांताराम तसा नव्हता. मिरकरवाड्याच्या जेटीवर तो बर्फाचं काम करायचा. कारखान्यातून ट्रकनं आलेल्या बर्फाच्या लाद्या लोखंडी आकड्यानं ओढायच्या, फोडायच्या मशीनमध्ये ढकलायच्या, आणि तो चुरा बोटीच्या पोटात सोडायचा. त्या मशीननं त्याच्या डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक खाल्लं होतं. हात सुजलेले, कातडी फुटलेली, आणि ते हात कधी स्वस्थ नसत. बोलताना टेबलावर आपटत, मांडीवर आपटत, समोरच्याच्या पाठीवर आपटत. त्याला आनंद झाला तरी कुणाला तरी लागायचं. नाव शांताराम. जेटीवर लोक ते नाव घेऊन हसत, अर्थात त्याच्या पाठीमागं.

मुलीचं नाव तन्वी, वय सहा. "कोल्हापूरला नेली होती," त्यानं सांगितलं. "डॉक्टरनं नाव सांगितलान, औषध नाय दिलान. मी कॉलर धरली."

"डॉक्टरची?"

"मग काय. शिपायानं मला बाहेर काढलान. त्याला पण एक दिली."

यात बढाई नव्हती आणि पश्चात्तापही नव्हता. सकाळी निघालो, दुपारी पोचलो, एक दिली.

डॉक्टरांनी सांगितलेलं नाव स्वमग्नता. ते त्याला पाठ होतं. कळलेलं मात्र काही नव्हतं. मी त्याला माझ्या पद्धतीनं सांगितलं. मूल पाळण्यात असल्यापासून बघून घेत असतं. आईनं जीभ काढली की जीभ काढतं, टाटा केला की हात हलवतं. चमचा धरणं, केस विंचरणं, फोन कानाला लावून उगाच बडबडणं, आणि हळूहळू शब्दसुद्धा, यातलं बरंचसं मुद्दाम कुणी शिकवत नाही, ते बघून घेतलेलं असतं. काही मुलांना ही वाट अवघड जाते. तन्वीला फारच जात होती. माणसाच्या चेहऱ्यावर तिची नजर थांबतच नसे. पंख्यावर थांबे, फिरणाऱ्या ताटाच्या कडेवर थांबे. अशा मुलासमोर 'माझ्यासारखं कर' म्हणत बसून उपयोग होत नाही. म्हणून आम्ही आधी उलटं करतो. मूल जे करतं ते आपण करायचं. त्यानं ताट फिरवलं, आपण फिरवायचं. त्यानं हात फडफडवले, आपण फडफडवायचे. कधीतरी त्याच्या ध्यानात येतं की समोरचं माणूस आपल्यासारखं करतंय, आणि ते वर बघतं.

शांतारामनं हे सगळं उभ्यानं ऐकलं. "म्हणजे मी पोरीच्या नकला करायच्या?"

"नकला नव्हे. तिच्याबरोबर करायचं."

"तां एकच झालां. नकला करणाऱ्याला मी मारतो, मॅडम."

पण दुसऱ्या दिवशी तो आला, आणि माझ्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसला. तन्वी स्टीलचं झाकण फिरवत होती. त्यानं दुसरं झाकण घेतलं. पहिल्यांदा इतक्या जोरात फिरवलं की ते उडून कपाटावर आदळलं आणि तन्वी कान झाकून किंचाळली. त्यानं ते परत आणलं. पुन्हा आदळलं. मग त्यानं तिच्या बोटांकडं नीट पाहिलं, आणि टोक नसलेल्या बोटानं झाकण हलकेच टिचकीसारखं ढकललं. ते फिरलं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "अवघड हाय ओ हे. ही कशी करते?"

त्याला शिकवणं असं चाले. सांगितलेलं तो अक्षरशः घेई. एकदा मी म्हटलं, या ट्यूबलाइटची गुणगुण तिला सहन होत नाही, बघा कशी कान झाकते. पुढचं वाक्य बोलायच्या आत त्यानं केरसुणीचा दांडा उलटा धरून ट्यूब फोडली. काचा माझ्या केसांत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी येऊन तो दाराशी उभा होता. हातात साधा बल्ब आणि होल्डर. स्टुलावर चढून बसवला, आणि खाली उतरून माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "आता गुणगुणत नाय," तो म्हणाला.

त्याच्या मारामाऱ्यांच्या गोष्टी मला इतरांकडून कळत. ट्रक मागं घेताना एका ड्रायव्हरनं बर्फाची लादी चिरडली म्हणून त्याला केबिनमधून ओढून काढलं. रांगेत घुसलेल्या एका खलाशाचा जबडा हलवला. मी एकदा विचारलं, तुम्ही इतकं मारता कशाला? त्यानं खूप विचार करून उत्तर दिलं. त्याचं गाव सावर्ड्याच्या आत, डोंगराकडं. बाप मुंबईला गिरणीत होता, गिरण्या बंद झाल्या तसा घरी आला. "मला चिव्याच्या काठीनं मारायचा. काठी मलाच तोडून आणायला लावायचा. बारीक आणली तर परत पाठवायचा. आवशीला हातानं मारायचा. असा, उजव्या हातानं केस धरून डाव्यानं. डावरा होता तो."

"आणि तुम्ही?"

"मी पण डावरा." मग म्हणाला, "आकडा उजव्या हातानं चालवतो. मारायला डावा लागतो."

त्याची बायको सुवर्णा कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जायची. बोटं कायम फुगलेली, पांढरी. ती केंद्रात आली की बाकाच्या टोकाला बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. ती लाजाळू असेल असं मला वाटे. एका रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा हा गैरसमज गेला.

मिरकरवाड्याच्या वरच्या चढणीला त्यांची एक खोली. चिऱ्याची भिंत, गिलावा न केलेली. मी घरातली दिनचर्या बघायला गेले होते. सुवर्णा भात वाढत होती, तेवढ्यात खालच्या रस्त्यानं लग्नाची वरात आली. बँजो पार्टी, ढोल, ताशा. तो आवाज दारातून आत घुसल्याबरोबर तन्वी भिंतीशी गेली आणि कपाळ आपटू लागली. असा आवाज मी कामामुळं अनेकदा ऐकलेला आहे, पण चिऱ्यावर नाही. चिरा खरबरीत, आपटलं की कातडी सोलवटते. सुवर्णा धावली आणि तिनं आपला तळहात मध्ये घातला. तन्वीचं डोकं त्या तळहातासकट भिंतीवर आपटत राहिलं. मी दार लावायला धावले, उशी शोधू लागले.

शांताराम उठला. मुलीच्या शेजारी जाऊन गुडघ्यांवर बसला, आणि त्यानं आपलं कपाळ भिंतीवर आपटलं. तिच्याच ठेक्यात. एकदा, परत, परत. तिनं आपटलं की त्यानं. त्याला हलकं काही करता येत नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला त्याची भुवई फुटली आणि रक्त नाकावरून ओघळलं.

"अहो थांबा, हे नाही सांगितलेलं मी," मी ओरडले. मला आठवतंय, मी त्याचा शर्ट धरून मागं ओढत होते आणि तो हलत नव्हता.

तन्वी थांबली. ती त्याच्याकडं बघत होती. पंखा नाही, ताट नाही, सरळ त्याच्या तोंडाकडं. तिनं बोट पुढं करून त्याच्या भुवईवरच्या रक्ताला लावलं, मग तेच बोट स्वतःच्या भुवईला लावलं. वरात निघून गेली होती. शांताराम रक्ताळलेल्या तोंडानं हसत माझ्याकडं वळला. "बघितलान," तो म्हणाला. "मॅडम, बघितलान तिनं मला."

मी त्याला खूप बोलले. हा उपाय नाही, ही दुखापत आहे, तिची आणि तुमचीही. परत असं केलंत तर मी तुमच्याबरोबर काम करणार नाही. त्यानं मान हलवली. पण त्याच्या कानात काही जात नव्हतं, तो मुलीकडं बघत होता.

सुवर्णानं तन्वीच्या कपाळाला हळद लावली, मग त्याच्या. स्वतःच्या सोलवटलेल्या हाताला लावली नाही. तिकडं बघतच ती म्हणाली, "याच भिंतीवर माझं डोकं आपटलान गेल्या शिमग्यात. तेव्हा पोर इथंच होती. तिनं तेव्हा पण बघितलान असेल. आपल्याला कुठं कळतंय."

शांतारामनं मला सांगितलं, "ते घरातलं हाय."

पुढच्या वेळी मी सुवर्णाला एकटीला गाठून विचारलं. कुठं तक्रार करता येते ते सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "आणि मग हिला घेऊन कुठं जाऊ? माझ्या माहेरी हिला खोलीत कोंडून ठेवतील. तो मारतो, पण पोरीला बोट लावत नाय. तेवढ्यावर मी हाय." मी आणखी बोलणार होते. ती कोळंबी सोलायला निघून गेली.

त्या भिंतीनंतर तन्वी खरोखर बघू लागली. हे मला मान्य करायला आजही बरं वाटत नाही, पण झालं तसंच. बाप बशीत चहा ओतून फुंकर मारे, तीही बशीवर वाकून फुंके. तो कुल्ल्यांवर हात पुसे, ती पुसे. तो तिला जेटीवर नेऊ लागला. तिथं बर्फाच्या लादीवर तो तळहात आपटे आणि ती आपटे, आणि गारठलेला हात तो गालाला लावे तशी तीही लावे. एकदा त्याच्या 'चल' मागं तिचं 'अल' आलं. ते सांगायला तो भर दुपारी केंद्रात आला आणि त्यानं माझ्या टेबलावर अशी मूठ मारली की काच तडकली.

आणि मग एके सकाळी, केंद्रात, माझ्यासमोर, तन्वी खेळ सोडून उठली आणि बाकावर बसलेल्या आईकडं गेली. उजव्या हातानं तिनं सुवर्णाचे केस धरले, डोकं मागं खेचलं आणि डाव्या हातानं थोबाडीत मारली. परत मारली. राग नव्हता. काही हवं होतं, काही दुखत होतं, असंही नव्हतं. चेहरा शांत. डावा पाय किंचित पुढं, मान तिरकी, आणि प्रत्येक फटक्याआधी घशातून एक छोटासा हुंकार. तो हुंकार मी ओळखला. लादी ओढताना शांताराम तसाच करी.

एरवी तन्वी सगळं उजव्या हातानं करायची.

मी तिला बाजूला घेतलं. सुवर्णा केस सावरत होती. गालावर लहान बोटं उठली होती. ती रडली नाही. मला म्हणाली, "तुमी म्हणाला होतात, बघून घेईल. घेतलान."

त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, खोटं. मग म्हणाला, पोर चिडली असेल. मग त्यानं सुवर्णाकडं पाहिलं, आणि मला कळलं की घरी गेल्यावर काय होणार. मी म्हटलं, मी तुमच्याबरोबर येते. तो म्हणाला, नको.

त्या संध्याकाळी काय झालं ते सुवर्णानं मला नंतर सांगितलं. घराबाहेर बोलली म्हणून तो तिच्यावर धावला. केस धरले, डावा हात वर केला. तेवढ्यात तन्वी येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. डावा पाय पुढं, मान तिरकी, डावा हात वर. बाप पुढं काय करतो याची वाट बघत. "एक मोठा, एक लहान," सुवर्णा म्हणाली. "मी दोघांकडं बघत होते. मला वाटलं, आता दोघांचा एकदम बसणार." त्यानं केस सोडले. बाहेर जाऊन पाण्याचं पिंप लाथेनं फोडलं. तन्वी बाहेर गेली आणि तिनंही फुटक्या पिंपाला लाथ घातली.

त्या दिवसानंतर त्यानं सुवर्णाला मारलं नाही. तिनंच मला सांगितलं, आणि लगेच पुढं म्हणाली, "म्हणजे तो सुधारला असं लिवू नका कुठं. मुलगी झोपली की दात चावत बसतो."

जेटीवर दिनेश नावाचा एक टेम्पोवाला होता. नकला करण्यात पटाईत. लिलाव पुकारणारा, पोलीस, नाखवा, कुणाचीही हुबेहूब करायचा, आणि जेटीवर त्याला त्यासाठी चहा मिळायचा. शांताराम आणि तन्वी लादीजवळ बसून एकत्र हात फडफडवत, ते त्यानं पाहिलं होतं. एका सकाळी, मासळीच्या ऐन गर्दीत, त्यानं ते केलं. आधी तन्वी केली, डोळे वर फिरवून, तोंड उघडं टाकून, हात फडफडवत. मग शेजारी वाकून शांताराम केला. लोक हसले. जे हसले त्यांतल्या एकानंच मला हे सांगितलं. तो म्हणाला, हुबेहूब होती, हसू आवरेना.

शांतारामच्या हातात आकडा होता. या वेळी त्यानं डाव्या हाताची वाट पाहिली नाही. आकडा दिनेशच्या खांद्यात रुतला, आणि त्यानं लादी ओढतात तसं त्याला ओढलं. जेटीच्या ओल्या जमिनीवरून, मासळीच्या टोपल्यांमधून. माणूस किंचाळत होता. मग खाली पडलेल्याच्या तोंडावर मुठी. चौघांनी मिळून त्याला उपसून काढलं. दिनेशचा खांदा पुन्हा धड झाला नाही, हात वर जात नाही, टेम्पो सुटला. तन्वी प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसलेली होती. तिनं कान झाकले होते, डोळे नाही.

शांतारामला पोलिसांनी तिथूनच नेलं.

तो आत असताना तन्वी शब्द विसरली. पण हात विसरली नाही. आकड्यासारखी वाकडी मूठ असलेली एक छत्री घरात होती. ती घेऊन ती गोष्टी ओढू लागली. उशी, बादली, शेजारच्यांचं कुत्रं. केंद्रात तिनं एका लहान मुलाच्या शर्टात ती अडकवून ओढलं तेव्हा इतर पालक माझ्याकडं आले. त्यांचं चुकलं नव्हतं. मी तिची वेळ वेगळी केली. छत्री लपवली तर ती डोकं आपटे, दिली तर ओढे. एकदा सुवर्णा तिच्या हातातून ती काढून घ्यायला गेली. तन्वीनं हुंकार दिला आणि दांडा मनगटावर घातला. हाड मोडलं. प्लास्टर घातलेल्या हातानं कोळंबी सोलता येत नाही. शेडवाल्यानं दुसरी बाई घेतली.

तो हात घेऊन सुवर्णा नवऱ्याला भेटायला गेली. त्यानं विचारलं, कुणी मोडलान? ती म्हणाली, "तूच. फक्त तू इथं होतास."

काही महिन्यांनी तो जामिनावर सुटला. पुढं खटला चालला आणि त्याला शिक्षा लागली, ती तो अजून भोगतो आहे. सुवर्णा मुलीला घेऊन सावर्ड्याच्या आतल्या त्याच गावी राहते. सासरा आता अंथरुणाला खिळलेला आहे आणि त्याचंही तीच करते. महिन्यातून एकदा तन्वीला घेऊन माझ्याकडं येते. शिक्षा झाली त्या दिवशी मी कोर्टात गेले नव्हते. मला शांताराम गोताड शेवटचा दिसला तो जामिनावर असताना, जेटीवर आणि मग त्याच्या घरात.

त्याला बर्फाचं काम परत मिळालं नव्हतं, पण तन्वीला जेटीची सवय होती, म्हणून तो तिला चक्कर मारायला नेई. त्या दुपारी मीही होते. तिनं गर्दीत चालावं, पैसे द्यावेत, पिशवी धरावी, असं काही आम्ही करून बघत होतो. जाळी शिवणाऱ्यांच्या पुढं आलो तेव्हा दिनेशचा थोरला भाऊ समोरून आला. बरोबर आणखी दोघं. त्यानं काही न बोलता शांतारामच्या कानाखाली मारली.

मी शांतारामला इतकं ओळखत होते की माझा पहिला विचार त्या भावाचं आता काय होणार हा होता. शांतारामचा डावा हात वर गेलासुद्धा. खांद्यापर्यंत गेला. मग त्यानं मान वळवून तन्वीकडं पाहिलं. ती बघत होती.

त्यानं हात खाली घेतला. दोन्ही हात पाठीमागं नेले आणि उजव्या हातानं डाव्याचं मनगट धरलं. असं धरलं की बोटं पांढरी पडली.

दुसरी बसली. तिसरी मूठ होती, ओठावर. एकानं मागून कमरेत लाथ घातली आणि तो गुडघ्यांवर आला, हात न सोडता, त्यामुळं तोंडावरच आपटला. उठला. हात मागंच. भाऊ म्हणाला, "मार ना. आता मार." शांताराम थुंकला, दात पडला. मी ओरडत होते, जाळीवाले उठून येत होते. तो कुणाकडंच बघत नव्हता, फक्त मुलीकडं. जणू मारणारे दुसऱ्याच कुणाला मारत होते आणि त्याला तिथं वेगळंच काम होतं.

तन्वीनं कानांवरचे हात काढले. एक हात तिनं पाठीमागं नेला. दुसरा शोधत शोधत नेला. तिला मनगट सापडत नव्हतं, फ्रॉकचा पट्टा सापडला, तो तिनं धरला.

भावानं ते पाहिलं. त्याचा हात हवेत होता. जाळीवाल्यांनी त्याला मागं ओढलं तसा तो ओढला गेला, आणि जाताना एकदा वळून त्यानं बाप-लेकीकडं पाहिलं, मग रडू लागला. त्याचा भाऊ टेम्पो चालवायचा आणि आता घरी बसून होता.

आम्ही चढण चढून घरी आलो. सुवर्णा दारात होती. तिनं विचारलं नाही काय झालं. पातेल्यात मिठाचं पाणी घेऊन बसली. प्लास्टर अजून निघालं नव्हतं, त्यामुळं एकाच हातानं फडकं बुडवून, पातेल्याच्या काठावर दाबून पिळत होती. शांताराम भिंतीला टेकून बसला. ओठ फाटला होता, एक डोळा बंद होत चालला होता, पण तो बोलायला उतावीळ होता.

"आज मी मारलं नाय," तो म्हणाला. "हात मागं बांधले. आणि तिनं केलान. मॅडमना विचार. तिनं पण बांधले."

सुवर्णानं फडकं परत बुडवलं. "मी किती वर्षं हात बांधून मार खाल्ला," ती म्हणाली. "ते नाय कुणी बघून घेतलान."

या बाईला द्यायला त्याच्याजवळ एरवी एकच उत्तर असे, आणि ते आता नव्हतं. त्यानं मान खाली घातली, आणि तिनं हनुवटीला धरून त्याचं तोंड वर केलं आणि फडकं ओठावर दाबलं. हलक्या हातानं नाही. मीठ जखमेत गेलं.

"स्स्," त्यानं श्वास ओढला.

तन्वी कोपऱ्यात झाकणं घेऊन बसली होती. तिनं झाकण खाली ठेवलं, बापाच्या ओठाकडं बघितलं, आणि स्वतःचा ओठ दातांत धरून तसाच आवाज काढला. "स्स्."

सुवर्णाचा हात थांबला. तिनं मुलीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. ती हसली नाही. पण पुढचं फडकं तिनं हलकं टेकवलं.